पाळी कोणाच्या घड्याळाने बदलते?

पाळीचा भोंगा वाजवायला आता माणूस लागेलच असे नाही. पॅनेलमधला पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक, वेळ बघतो आणि आउटपुट चालू करतो. भोंगा वाजला की कामगार मोबाइल बघून घेतात आणि फरक दिसला तर खापर पीएलसीवर फुटते. बऱ्याचदा ते रास्तही असते.

पीएलसीतला टायमर 'किती वेळ झाला' ते सांगतो. रिअल टाइम क्लॉक, म्हणजे आरटीसी, 'किती वाजले' ते. वीज गेली की प्रोग्राम थांबतो आणि त्याबरोबर साधा टायमरही. आरटीसीला मात्र अख्खे पॅनेल बंद असतानाही चालू राहावे लागते. म्हणून त्याला स्वतःचा क्वार्ट्झ स्फटिक असतो, सेकंदाला 32,768 कंपने करणारा. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की 1 उरतो, आणि तोच सेकंद. सोबतीला लिथियम सेल किंवा सुपरकपॅसिटर. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये सुपरकपॅसिटरवर घड्याळ साधारण 20 दिवस तगते, 40 अंशांत किमान 12. दिवाळीच्या सुट्टीला पुरेल. टाळेबंदी लांबली तर नाही.

हा स्फटिक 25 अंशांच्या आसपास सर्वांत खरा चालतो. त्याहून गार वा गरम, दोन्हीकडे मागे पडतो. पॅनेलच्या आत 55 अंश झाले तर केवळ उष्णतेपायी दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त, महिन्याला सव्वा मिनिटाच्या वर.

मित्सुबिशीच्या एफएक्स3यू मध्ये वेळ रजिस्टरांतून थेट वाचता येते: डी8013 मध्ये सेकंद, पुढे मिनिटे, तास, असे करत डी8019 मध्ये वार, रविवार म्हणजे 0. सीमेन्सचा जुना एस7-200 हेच आकडे बीसीडीत, म्हणजे दर चार बिटांत एक दशांश अंक असे, देतो. ते साधे पूर्णांक समजून वाचले तर 45 मिनिटांची 69 होतात.

पण घोळ होतो तो लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या आकृतीतल्या प्रोग्राममध्ये. नवशिका लिहितो: तास 7, मिनिट 0, सेकंद 0 झाले की काउंटर एकने वाढव. स्कॅन, म्हणजे प्रोग्रामची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा असेल तर ही अट त्या एका सेकंदात शंभरेक वेळा खरी ठरते आणि काउंटर सुसाट सुटतो. पल्स घेतला, म्हणजे अट खरी होताना फक्त पहिल्या स्कॅनला मोजले, की हे थांबते. तरीही नेमकी त्याच सेकंदाला लाइट गेली तर पाळी बदललीच नाही! म्हणून क्षण न पकडता पट्टा तपासावा: आत्ताची वेळ कोणत्या पाळीत बसते? इथे तिसरी पाळी अडवते. 'रात्री 11 नंतर आणि सकाळी 7 च्या आधी' अशी वेळ एकाच तारखेत कधीच येत नाही. तिथे 'आणि'च्या जागी 'किंवा' लागते. शिवाय रात्री 2 वाजता निघालेला माल कालच्या तारखेला धरायचा, हे पीएलसीला वेगळे सांगावे लागते.

पाळीच नव्हे, वीजदरही घड्याळावर चालतात. महावितरणच्या औद्योगिक 'टाइम ऑफ डे' दरात संध्याकाळची वीज महाग, म्हणून पंप घड्याळावर लावण्यात शहाणपण आहे. फक्त बिल निघते ते मीटरच्या घड्याळाने, पीएलसीच्या नव्हे. दोन्ही जुळवून घेतलेली बरी.

नेटवर्कवरून एनटीपीने वेळ घेतली तर हा मागे पडण्याचा त्रास जवळपास मिटतो. मात्र एस7-1200 ची सिस्टिम वेळ यूटीसी असते. स्थानिक वेळेऐवजी ती वाचली तर सकाळी 7 ची पाळी दुपारी साडेबाराला सुरू होते. आणि वेळ दुरुस्त झाली की घड्याळ उडी मारते, त्यामुळे भट्टीत माल किती वेळ राहिला हे आरटीसीच्या वजाबाकीने काढू नये. ते टायमरचे काम.

सेल संपला की कित्येक पीएलसींचे घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालच्या 1 जानेवारीला जाऊन बसते आणि तिथून निमूट पुढे चालू लागते. म्हणून प्रोग्राममध्ये लॅडरची आणखी एक ओळ टाकावी: साल प्रोग्राम लिहिलेल्या सालाहून आधीचे दिसले तर वेळेवरची सगळी कामे थांबव, स्क्रीनवर अलार्म दे आणि भोंगा हाताने वाजवू दे.