अरब समाजातील महामारीकालीन चिंता आणि मानसिक आरोग्याची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे घोषित केले. तिच्या पहिल्या वर्षात चिंता व अवसाद या विकारांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असा अंदाज याच संघटनेने २०२२ मध्ये मांडला. भय सर्वत्र वाढले. परंतु भयाला आवर घालण्याची साधने प्रत्येक समाजाची निराळी असतात. अरब देशांत महामारीने त्या साधनांवरच आघात केला. तेथील मानसिक आरोग्याच्या गरजेचा विचार येथूनच सुरू केला पाहिजे.

अरबी भाषेत चिंतेला ‘कलक’ म्हणतात. अस्थिरता, चलबिचल हा त्या शब्दातील भाव होय. सामान्य माणूस मात्र बहुधा ‘छाती दाटून येते’ अशीच तक्रार करतो आणि मनोविकारतज्ज्ञाऐवजी नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. याचे एक कारण भाषेतच दडलेले आहे. वेड्यासाठी रूढ असलेला ‘मजनून’ हा शब्द आणि ‘जिन’ हा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. जिनने पछाडलेला तो मजनून. मनोविकाराला जोडलेल्या लांछनास आज ‘वस्मा’, म्हणजे डाग, असे म्हणतात. हा डाग कुटुंबावर पडेल या धास्तीने दुखणे घरातच झाकले जाते.

अशा समाजात मनाचा भार हलका होतो तो सामूहिक प्रार्थनेत, नातलगांच्या बैठकीत आणि मृत्यूनंतर तीन दिवस चालणाऱ्या सांत्वनाच्या रिवाजात. मार्च २०२० पासून अनेक अरब देशांत मशिदी बंद झाल्या. कुवेतमध्ये तर अजानमध्येच ‘घरी नमाज अदा करा’ अशी सूचना आली. २०१९ मध्ये सुमारे २५ लाख यात्रेकरूंनी केलेली हजयात्रा २०२० मध्ये सुमारे एक हजारांवर आली. मृताच्या घरी जाऊन शोक वाटून घेणेही दुरापास्त झाले.

काही देशांत ही आपत्ती आधीच्या आपत्तींवर कोसळली. सीरिया व येमेन युद्धाने जर्जर झाले होते. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे दगावली. संघर्षग्रस्त प्रदेशांत दर पाच माणसांपैकी सुमारे एकास मनोविकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ मधील अंदाज आहे. महामारीतील बऱ्याच पाहण्या संगणक व मोबाईलवरून झाल्या. त्यांत सुशिक्षितांचे उत्तर येते. निर्वासितांच्या छावणीतील निरक्षर स्त्री गणनेबाहेरच राहते.

मनाची चिकित्सा या संस्कृतीला परकी आहे, असे मात्र नाही. चिनी प्रवासी ह्यूएन त्संगाने ज्या बल्ख नगरीचा नवविहार पाहिला, त्याच परिसरात नवव्या शतकात जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी याने देह व मन या दोहोंच्या आरोग्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. क्रोध, भय, शोक आणि मनात सतत घोळणारे विचार यांची त्याने स्वतंत्र चर्चा केली. आकस्मिक दुखण्यासाठी आपण घरात औषध ठेवतो, तसे निरोगी असतानाच हितकर विचार मनात साठवून ठेवावेत, असा त्याचा उपदेश आहे. कैरो येथे १२८४ मध्ये उभारलेल्या कलावूनच्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठीही सोय होती.

आधुनिक काळात सौदी अरेबियाने २०१४ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा केला, तर लेबनॉनने २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरण आखले. परंतु कायदा व धोरण यांचा लाभ रुग्णापर्यंत पोहोचण्यास दोन गोष्टी आवश्यक आहेत. रुग्ण प्रथम ज्याच्याकडे जातो त्या प्राथमिक केंद्रातील डॉक्टरला, छातीच्या तक्रारीमागील चिंता ओळखण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. तसेच उपचाराची भाषा रुग्णाच्या बोलीतील असावी. दूरध्वनीवरील निनावी साहाय्याने लांछनाची भीतीही कमी होते.

कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी समाप्त झाल्याचे जाहीर झाले. परंतु ज्यांना आपल्या मृतांसाठी चारचौघांत बसून रडताही आले नाही, त्यांचे दुःख त्या तारखेने संपत नाही. ते ऐकून घेणारी व्यवस्था उभारणे ही तेथील आरोग्यसेवेपुढील आजची गरज आहे.