यंत्र म्हणते ‘ओके’!

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्र्यांतून निघणारी कास्टिंग्ज ट्रक-ट्रॅक्टरांच्या पोटात जातात. ती तपासायला आता काही ठिकाणी लेसरचा स्कॅनर आला आहे. पट्ट्यावरून जॉब सरकतो, वरून लाल प्रकाशाची रेघ पडते आणि तिरका बसवलेला कॅमेरा त्या रेघेची वळणे टिपतो. खड्डा आला की रेघ वाकते. हिशेब सरळ आहे.

अशाच एका कारखान्यातून मला तक्रारीवरून बोलावणे आले. जॉब ब्रेक ड्रमचा. तपासणीवरचे जुने कामगार त्याच्या चकचकीत तोंडावरून बोट फिरवत म्हणाले, “साहेब, बोटाला खड्डा लागतोय की! आणि ह्यो गडी ओके म्हणतोय.” बोट खरे होते. आंबा घाट उतरणाऱ्या ट्रकला असला ‘ओके’ परवडणारा नव्हता.

लग्नाचा जुना अल्बम काढून पाहा. फ्लॅशजवळच्या करवलीचा चेहरा पिठासारखा पांढरा, मागचे मामा अंधारात गडप! इथे तेच झाले होते. मशीनिंग केलेला भाग आरशासारखा चमकतो. ओतताना वायू अडकून झालेला खड्डा आतून काळा. चकाकीने रेघ फाकू नये म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर उघडे राहण्याचा वेळ, फार कमी ठेवला होता. खड्ड्यातून परतणारा प्रकाश कॅमेऱ्याला पुरेना. खरा घोळ त्यापुढचा. न दिसलेले बिंदू सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून स्वतःच भरत होते, परीक्षेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’सारखे. खड्डा बुजला, पण फक्त पडद्यावर.

मग एक्स्पोजर वाढवावे? सेकंदाला २०० मिलिमीटर धावणाऱ्या पट्ट्यावर ५ मिलिसेकंदांत जॉब १ मिलिमीटर सरकतो आणि चित्र तेवढे फरफटते. अर्ध्या मिलिसेकंदात फरफट ०.१ मिलिमीटर उरते, पण मग प्रकाश दसपट हवा. लेसर मन मानेल तसा वाढवता येत नाही. शेजारी माणसांचे डोळे असतात.

कोल्हापूरला ही ओढाताण जुनीच आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तेव्हाच्या कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवायचे. मनगट जलद चालले की प्रत्येक चौकटीच्या वाट्याला उजेड कमी!

आम्ही उजेडाचे माप आधी खड्ड्यावर लावले. मग प्रत्येक जागेची दोन चित्रे घेतली, एक कमी एक्स्पोजरचे आणि एक जास्तीचे, आणि दोन्हींतले नीट दिसणारे बिंदू ठेवले. त्यासाठी पट्टा थोडा हळू करावा लागला. मालकांच्या कपाळावर आठी आली, पण इलाज नव्हता. गाळलेल्या जागा भरणे तर बंदच केले. दिसले नाही तर यंत्राने ‘दिसले नाही’ असेच सांगायचे. तो जॉब पुन्हा माणसाच्या बोटाखाली जातो.

आता रोज सकाळी मुद्दाम जपून ठेवलेला खड्ड्याचा एक जॉब सर्वांत आधी पट्ट्यावर ठेवतात. काचेवर वाळूची धूळ बसली असेल, तर तीही तेव्हाच कळते. यंत्राने तो जॉब नाकारला, तरच लाइन सुरू होते.