नवा खेळाडू व त्याचे पारखी

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. त्यांतील चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट असून तो पायानें क्वचित् व हातानें फार वेळां चालतो. अकरा अकरा खेळाडूंचे दोन संघ एकमेकांस भिडतात. आणि चेंडू हातीं येतांच तो कोणाकडे फेकावा, कोणाच्या हातीं द्यावा, कीं स्वतःच घेऊन धांवावें, हें जो एका क्षणांत ठरवितो त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. सेनेंत सेनापतीचें जें स्थान तेंच संघांत याचें. आम्ही आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. या खेळाशीं आमचा संबंध येण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु २०२० सालच्या आरंभीं आम्ही मुलीकडे फिलाडेल्फिया शहराच्या एका उपनगरांत गेलों, मार्चांत करोनाच्या सांथीमुळें विमानें बंद झालीं, आणि आम्ही तेथेंच अडकून पडलों. त्या सक्तीच्या मुक्कामांत आमच्या बारा वर्षांच्या नातवानें आम्हांस हा खेळ समजावून दिला. जन्मभर शिकविणाऱ्यास पुनः विद्यार्थी होण्याचा योग असा आला.

फिलाडेल्फियाच्या संघाचें नांव ईगल्स, म्हणजे गरुड. या शहरांतील लोकांचें आपल्या संघावर विलक्षण प्रेम आहे. मात्र तें बहुधा रागाच्या रूपानें प्रकट होतें. आणि हा राग मैदानापेक्षांही एप्रिल महिन्यांत, नव्या खेळाडूंच्या निवडीच्या वेळीं, अधिक भडकतो. या निवडीस ते ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे स्वयंवरांत वधू माळ घेऊन उभी असे व राजे आशेनें बसत. येथें प्रकार उलटा. माळ संघांच्या हातीं. कॉलेजांतून बाहेर पडणारे तरुण आशेनें बसलेले. आणि ज्याचें नांव ज्या संघानें उच्चारिलें त्यानें त्याच संघाकडे जावयाचें. आदल्या हंगामांत जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्यास पहिली निवड, विजेत्यास शेवटची, असा क्रम असतो. मात्र संघांस हे क्रमांक आपसांत बदलून घेतां येतात. धनवान् संघांनींच सगळे चांगले खेळाडू गोळा करूं नयेत, हा या व्यवस्थेचा मूळ हेतु.

ही व्यवस्था सुचविली ती ईगल्सचेच तत्कालीन मालक बर्ट बेल यांनीं. १९३५ सालीं त्यांच्या संघानें ११ सामन्यांपैकीं अवघे २ जिंकले होते, तेव्हां दुबळ्यांचें दुःख त्यांस चांगलें ठाऊक होतें. पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियांतीलच एका हॉटेलांत झाली. नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत ८१ नांवें निवडिलीं. त्यांतलें पहिलें नांव ईगल्सनें उच्चारिलें, तें शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचें. हा त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट कॉलेज-खेळाडू. परंतु धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना तो पुढें खेळला नाहीं. पारखीच्या या शास्त्राचा श्रीगणेशा असा झाला!

तेव्हांपासून मापें मात्र फार वाढलीं. संघ आतां ३२ आहेत व फेऱ्या ७. निवडीपूर्वीं तीनशेंच्या आसपास तरुणांस इंडियानापोलिस शहरांत बोलावून त्यांची परीक्षा घेतात. ४० यार्ड धांवावयास किती सेकंद लागले, उभ्या उभ्या उडी किती उंच गेली, २२५ पौंडांचें ओझें किती वेळां उचललें, इतकेंच नव्हे तर तळहाताची लांबी किती, तेंही मोजून लिहितात. मग घरोघर चहाते तीं टिपणें पुढें घेऊन बसतात आणि आपापली यादी करतात. टॉम ब्रेडी नांवाच्या तरुणास तें ४० यार्डांचें अंतर तोडावयास ५.२८ सेकंद लागले; क्वार्टरबॅकलाही ही गति मंदच. २००० सालीं त्याची निवड झाली ती सहाव्या फेरींत, १९८ जणांच्या मागून. पुढें त्यानें सात वेळां सुपर बोल, म्हणजे वर्षाचा अंतिम सामना, जिंकला. धांव मोजणारें घड्याळ बिनचूक होतें. पण ज्या गोष्टीनें तो मोठा झाला ती त्या घड्याळाच्या कक्षेंतली नव्हती.

फिलाडेल्फियाकरांची स्वतःची गोष्ट याहून बोधप्रद आहे. १९९८ च्या हंगामांत ईगल्सनें १६ पैकीं ३ च सामने जिंकले, म्हणून १९९९ च्या निवडींत त्यांचा क्रमांक दुसरा आला. शहरांतील बहुतेकांच्या मनांत टेक्सस विद्यापीठाचा धांवपटु रिकी विल्यम्स भरला होता. एका रेडिओ-केंद्राच्या पुढाकारानें कांहीं कट्टर चहाते मुद्दाम न्यू यॉर्कच्या निवड-सभागृहांत जाऊन बसले होते. संघानें नांव घेतलें तें डॉनव्हन मॅकनॅब या क्वार्टरबॅकचें. बावीस वर्षांचा तो तरुण नवी टोपी घालून हंसत व्यासपीठावर आला आणि त्याच्याच नव्या शहराच्या माणसांनीं भर सभेंत त्याची हुर्यो उडविली! पुढील अकरा हंगाम तो त्या शहरासाठीं खेळला. पांच वेळां त्यानें संघास सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेलें, एकदां उंबरठ्याच्या आंतही नेलें. २००५ च्या फेब्रुवारींत तो अंतिम सामना ईगल्स २४–२१ असा हरले, आणि समोर उभा होता तोच १९९ व्या क्रमांकाचा ब्रेडी. २०१३ सालीं मॅकनॅबचा ५ हा अंक संघानें सन्मानपूर्वक निवृत्त केला.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. विल्यम्स कांहीं सामान्य खेळाडू नव्हता. २००२ सालीं मायामीच्या संघांतून खेळतांना तो धांवांच्या यार्डांत सर्व लीगमध्यें पहिला आला. म्हणजे चहात्यांची विल्यम्सविषयींची पारख खोटी नव्हती. खोटी ठरली ती हुर्यो. या दोहोंतील भेद आमच्या ध्यानांत आला तो पुढें, २४ एप्रिल २०२० च्या संध्याकाळीं.

त्या वर्षीं सांथीमुळें निवडीची सभा भरली नाहीं. लीगचे आयुक्त आपल्या घराच्या तळघरांत बसून नांवें वाचीत होते. आमचे जांवई व नातू दिवाणखान्यांत पडद्यापुढें बसले होते; कुंपणापलीकडील म्हातारे शेजारी आपल्या अंगणांत खुर्ची टाकून होते, आणि मधून मधून त्यांची गर्जना ऐकूं येई. दुसरी फेरी चालू होती. ५३ वें नांव ईगल्सचें. जेलन हर्ट्स, क्वार्टरबॅक! दिवाणखान्यांत क्षणभर शांतता पसरली. मग नातवानें डोक्यावरची टोपी काढून कोचावर आपटली.

"आजोबा, आपल्याकडे क्वार्टरबॅक आहे ना? मग दुसरा कशाला?"

जांवई म्हणाले, "बाबा, इतक्या वर कोणी राखीव खेळाडू घेतो काय? फुकट घालविला क्रमांक!" पलीकडून शेजाऱ्यांचाही मथितार्थ तोच ऐकूं आला, फक्त भाषा येथें लिहिण्याजोगी नव्हती.

त्यांचें म्हणणें अगदींच अविचाराचें नव्हतें. २०१६ सालीं संघानें आपले अनेक क्रमांक देऊन दुसऱ्या स्थानावर कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक घेतला होता. २०१७ त त्याचा खेळ अप्रतिम झाला. डिसेंबरांत त्याचा गुडघा दुखावला, तेव्हां निक फोल्स या राखीव खेळाडूनें संघास पुढें नेऊन ४ फेब्रुवारी २०१८ रोजीं पहिला सुपर बोल ४१–३३ असा जिंकून दिला. तरीही भरंवसा वेंट्झवरच ठेवून २०१९ त संघानें त्याच्याशीं आणखी चार वर्षांचा मोठा करार केला. घरांत सेनापति असतां पुनः सेनापति कशाला, हा प्रश्न रास्त होता.

आम्हीं नातवास विचारलें, "त्या मुलाचें काय चुकलें?"

"त्याचें कुठें चुकलें? आपल्या संघाचें चुकलें."

"मग तूं टोपी आपटलीस ती ऐकली कोणीं?"

तो गप्प बसला. आम्हीही गप्प बसलों, कारण तो प्रश्न आमच्याच अंगावर उलटून आला होता.

१९८८ च्या सुमारास आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें एक मुलगा दहावीच्या वर्गांत होता. त्याची स्मृति मंद, रूपें पाठ होत नसत, वर्गांत बोलावलें तर उभा राहून खालीं पाही. वडील बेताच्या पगारावर संसार चालविणारे. पोराच्या शिकवणीवर पैसे घालावे कीं न घालावे, असें ते आम्हांस विचारावयास आले. आम्ही त्यांच्या पैशांच्या काळजीनें, खरोखर सद्धेतूनेंच, म्हणालों, "पालथ्या घड्यावर पाणी आहे. उगीच खर्चांत पडूं नका." निर्णय पैशांचा होता, सल्ला वडिलांना होता. पुढें २०११ सालीं पुतणीच्या लग्नपत्रिका छापावयाच्या होत्या म्हणून आम्ही गांवांतल्या एका छापखान्यांत गेलों. मालक तोच मुलगा. पत्रिकेच्या माथ्यावरचा श्लोक आम्हीं संवयीनें चष्मा लावून तपासला. एक अनुस्वार चुकला नव्हता, एक विसर्ग गळला नव्हता. आम्हीं शाबासकी दिली, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, "सर, त्या दिवशीं तुम्ही बाबांशीं बोलत होतां ना, तेव्हां मी दाराबाहेरच उभा होतों." इतकेंच बोलून त्यानें पावती फाडून आमच्या हातीं दिली. तेवीस वर्षें त्यानें तें वाक्य जवळ बाळगलें होतें, आणि आम्हांस तें आठवतही नव्हतें.

दोष पारख करण्याचा नव्हे. शिक्षकास गुण द्यावेच लागतात, संघास निवड करावीच लागते, आणि चहात्यांनीं यादी करूं नये असें म्हणणें म्हणजे त्यांचा अर्धा आनंद हिरावून घेणें आहे. परंतु निंदा बहुधा निर्णयाची असते आणि ती ऐकतो मात्र दाराबाहेरचा मुलगा. निवडीचा क्रमांक त्यानें मागितलेला नसतो, करार त्यानें केलेला नसतो. तो आलेला असतो फक्त नव्या घरीं.

हर्ट्सला दाराबाहेर उभें राहण्याची संवय होती, असें मागाहून कळलें. टेक्ससांतील एका शाळेंत फुटबॉल शिकविणाऱ्या प्रशिक्षकाचा तो मुलगा. अलाबामा विद्यापीठांत असतां जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यांत मध्यंतरानंतर त्यास बाजूस बसवून दुसऱ्यास पाठविलें, व त्या दुसऱ्यानें सामना जिंकला. हर्ट्स रुसून निघून गेला नाहीं. आणखी एक वर्ष तेथेंच राहिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो दुसरा जायबंदी होतांच उतरून त्यानें विभागीय अंतिम सामना जिंकून दिला. हें सारें निवडीच्या टिपणांत लिहिलेलेंच होतें. पण उडीची उंची जशी आकड्यांत बसते तसें हें बसत नाहीं, म्हणून डोळा त्यावरून घसरून जातो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. २०२० च्या डिसेंबरांत वेंट्झच्या जागीं हर्ट्स आला. २०२१ त वेंट्झ दुसऱ्या संघाकडे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्यें हर्ट्सनें ईगल्सना सुपर बोलपर्यंत नेलें. तो सामना ३८–३५ असा गेला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें त्याच प्रतिस्पर्ध्यावर ४०–२२ असा विजय मिळाला व सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हर्ट्सचा गौरव झाला. आतां यावरून, संघाचे तज्ज्ञ शहाणे व चहाते मूर्ख, असें कोणी समजूं नये. हर्ट्सच्या आदल्याच दिवशीं, २१ व्या क्रमांकावर, त्याच तज्ज्ञांनीं जेलन रेगर यास घेतलें व जस्टिन जेफरसन यास सोडलें; लगेच पुढच्या क्रमांकास मिनेसोटानें जेफरसनला उचललें, आणि २०२२ त चेंडू झेलून मिळविलेल्या यार्डांत तो लीगमध्यें पहिला आला. चुकतात सगळेच. प्रश्न इतकाच कीं, आपण चुकलों तर त्याची किंमत कोणीं द्यावी?

त्या संध्याकाळनंतर आम्हीं नातवास एक वही करून दिली होती. एका रकान्यांत नव्या खेळाडूचें नांव, दुसऱ्यांत तारीख घालून आपलें मत, आणि तिसरा रकाना पांच वर्षें कोरा ठेवावयाचा, असा नियम. मत हवें तितकें कडक लिहावें. मात्र तें वहींत लिहावें, टोपी आपटूं नये. हर्ट्सपुढें त्यानें लिहिलें होतें, "नको होता."

१० फेब्रुवारी २०२५ रोजीं आम्ही सकाळीं देवपूजा आटोपून बसलों होतों, तोंच त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती व रस्त्यांवर लोक नाचत होते. तो आतां सतरा वर्षांचा, आवाज फुटलेला. म्हणाला, "आजोबा, तें पहिलें मत खोडूं का?"

आम्हीं सांगितलें, "खोडूं नकोस. तें राहूं दे, आणि तिसऱ्या रकान्यांत आजची तारीख घाल."

जून महिना येतो, परीक्षांचे निकाल लागतात, आणि आपल्या भरल्या घरांतून काका, आत्या, आजोबा असे सर्व पारखी एकत्र बसतात. शाखा चुकली, शाळा चुकली, शिकवणी चुकली, अशी चर्चा चालते. ती करावी, जरूर करावी. वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, बोलण्यापूर्वीं एकदां उठून दाराबाहेर कोणी उभें आहे काय, तें पाहून यावें.