सलाम झटके आणि औषधाचे मोल

तान्हे मूल झोपेतून जागे होते आणि एकाएकी मान पुढे टाकून, दोन्ही हात फेकून क्षणभर आखडते. काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे दहा-वीसदा. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, पोटात दुखत असेल, दचकले असेल. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु वर्षाच्या आतील मुलास असे झटके ओळीने येऊ लागले आणि त्याचे हसणे, टक लावून पाहणे मंदावले, तर तो एका दुर्धर अपस्माराचा आरंभ असू शकतो. १८४१ साली विल्यम वेस्ट या इंग्लिश डॉक्टराने स्वतःच्या मुलाच्या या व्याधीचे वर्णन 'लॅन्सेट'ला पत्राने कळविले आणि कोणास उपाय ठाऊक असल्यास सांगावा, अशी विनवणी केली. मूल वाकून सलाम करीत असल्याचा भास होई, म्हणून यांस 'सलाम झटके' म्हणत.

वेस्टच्या पत्रास खरे उत्तर मिळावयास १९५८ साल उजाडले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतील एसीटीएच हे हॉर्मोन टोचल्यास झटके थांबू शकतात, असे त्या वर्षी बेल्जियममध्ये आढळले. हे हॉर्मोन अधिवृक्क ग्रंथीस स्टेरॉइड निर्माण करावयास लावते. मग स्टेरॉइडच तोंडाने दिले तर?

वाद येथूनच सुरू होतो. १९९६ सालच्या एका अमेरिकी चाचणीत एसीटीएचने १५ पैकी १३ बालकांना गुण आला, तर प्रेडनिसोन या स्टेरॉइडने १४ पैकी अवघ्या चौघांना. निकाल लागला, असे अनेकांस वाटले. पण तुलना समतोल नव्हती : इंजेक्शनाची मात्रा भरघोस, स्टेरॉइडची मात्र बेताची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत प्रेडनिसोलोन रोज ४० ते ६० मिलिग्रॅम देण्यात आले, तेव्हा ३० पैकी २१ बालकांचे झटके थांबले. कृत्रिम एसीटीएचने २५ पैकी १९ जणांचे. संख्या लहान खऱ्या, पण पहिल्या चाचणीतील दरी येथे उरली नाही. व्हिगाबॅट्रिन हे तिसरे औषध या चाचणीत मागे पडले. 'ट्यूबरस स्क्लेरॉसिस' हा विकार मुळाशी असलेल्या बालकांत मात्र त्याचाच मान पहिला.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. अमेरिकेत २००७ साली एसीटीएचच्या एका कुपीची किंमत सुमारे १,६५० डॉलरवरून एकदम २३,००० डॉलरच्या वर नेण्यात आली. औषध जुनेच, कुपी तीच! प्रेडनिसोलोन मात्र आपल्याकडे तालुक्याच्या गावीही स्वस्तात मिळते. म्हणूनच मात्रेचा प्रश्न आपणांस अधिक जवळचा आहे.

स्वस्त म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. दोन्ही उपचारांत रक्तदाब चढतो, मूल चिडचिडे होते आणि जंतुसंसर्गास प्रतिकार करण्याची शक्ती घटते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ही शेवटची गोष्ट गंभीर होय. हे औषध घरच्या घरी सुरू करण्याचे नव्हे, आणि मनाने एकाएकी बंद करण्याचेही नव्हे.

आणि औषध कोणते, याइतकेच ते केव्हा सुरू झाले हेही महत्त्वाचे ठरते. झटके सुरू झाल्यापासून उपचारास जितका विलंब, तितकी बौद्धिक वाढ खुंटण्याची भीती अधिक. मूल दवाखान्यात पोहोचते तेव्हा बहुधा शांत निजलेले असते आणि आईच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. त्या क्षणी मोबाइलवर टिपलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांपुढे धरता आले, तर मेंदूचा आलेख काढण्याचा निर्णय त्याच दिवशी होऊ शकतो.