घरच्या संगणकावर बाबासाहेबांचे खंड कसे वाचावेत?

जयंतीच्या आधी कोडोलीत आम्ही काहीजण फलकाचा मजकूर ठरवत बसलो होतो. एकाने मोबाईलवर आलेले एक वाक्य वाचून दाखवले. खाली बाबासाहेबांचे नाव होते. वाक्य जोरदार होते, पण ते कोणत्या ग्रंथातले, कोणत्या भाषणातले, हे कुणालाच सांगता येईना. त्या रात्री मित्राच्या घरी जुन्या संगणकावर खंड उघडून आम्ही शोधत बसलो. वाक्य काही सापडले नाही. शेवटी जे सापडले, त्यातलेच एक वाक्य खंड आणि पान क्रमांकासह फलकावर घेतले.

हे काम कोणीही घरी करू शकतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली. पहिल्या खंडात 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, अकराव्या खंडात 'द बुद्धा अँड हिज धम्म'. अठराव्या खंडाचे तीन भाग मराठी भाषणांचे आणि लेखांचे आहेत. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ फाईली केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. एकदा उतरवून घेतल्या की वाचायला इंटरनेट लागत नाही.

मोफत वाचणे कायदेशीर आहे का, असे अनेकजण विचारतात. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांचा तो २०१६ अखेर संपला. 'द बुद्धा अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून त्याची मुदत २०१७ अखेरपर्यंत होती. पण अनुवादाचा हक्क वेगळा असतो. आजच्या लेखकांची पुस्तके ग्रुपवर फाईल करून फिरवणे मात्र चूकच. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणारे आपलेच छोटे प्रकाशक विक्रीवर जगतात.

आता वाचण्याची पद्धत. विंडोजच्या जुन्या संगणकावर 'सुमात्रा पीडीएफ' हे मोफत आणि हलके सॉफ्टवेअर चांगले चालते. पीडीएफशिवाय ईपब फाईलही त्यात उघडते. पीडीएफमध्ये पान छापील पुस्तकासारखेच राहते, म्हणून संदर्भ द्यायला ती सोयीची. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की मजकूर पडद्याप्रमाणे पुन्हा मांडला जातो, म्हणून सलग वाचनाला ती बरी.

शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबावीत. शोध चालत नसेल, तर माऊसने एखादी ओळ निवडून पाहावी. ओळ निवडली जात नसेल, तर ती फाईल म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत. तिथे अनुक्रमणिका आणि शेवटची सूची पाहूनच शोधावे लागते. जुन्या मराठी फाईलींत फाँट युनिकोड नसेल, तर अक्षरे नीट दिसूनही शोध लागत नाही.

मराठीत फिरणारे वाक्य मूळ इंग्रजी असू शकते. मग त्यातले दोन-तीन महत्त्वाचे शब्द इंग्रजीत करून शोधावेत. सापडल्यावर आधीचे आणि नंतरचे पानही वाचावे. कधी कधी बाबासाहेब तिथे विरोधकाचे म्हणणे मांडत असतात. पडद्यावरचा पान क्रमांक आणि छापील पानावरचा क्रमांक वेगळे असतात. वहीत छापील क्रमांकच लिहावा. वाक्य सापडले नाही म्हणजे ते खोटेच, असे नव्हे. पण आधार मिळेपर्यंत ते बाबासाहेबांच्या नावावर खपवू नये.

सलग वाचताना दर वीस मिनिटांनी नजर पडद्यावरून काढून लांब पाहावे, डोळे कमी शिणतात.

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी विहारात एक जुना संगणक पुरे. पेन ड्राइव्हवर सगळे खंड मावतात. दर रविवारी एकाने दहा पाने मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. आणि पुढच्या जयंतीच्या फलकावर प्रत्येक वाक्याखाली खंड आणि पान लिहायचे, एवढे आजच ठरवूया. कुणी विचारले, "हे कुठे लिहिलंय?", तर पान उघडून दाखवता आले पाहिजे.