पन्नास मिनिटांचा हिशेब

सकाळी ६.४५. निगडी. आतल्या खोलीत टेबल, सेकंडहँड लॅपटॉप, अठराशेचा हेडसेट. दाराला जाड पडदा, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. समुपदेशक बाई उभ्याउभ्याच चहा घेतात. मानसशास्त्रात एम.ए. त्या एका ॲपसाठी काम करतात. ॲप कारखान्यांना विकलं जातं, कामगारांना ते फुकट. बाईंना पन्नास मिनिटांच्या सेशनचे ४०० रुपये. समोरचा आलाच नाही तर १५०.

७.१५. चाकणहून फोन. रात्रपाळी सुटलेला सीएनसी ऑपरेटर. घरात सगळे असतात, म्हणून एका बंद टपरीमागे उभा राहून बोलतोय. "मॅडम, डोळे मिटले की मशीनच ऐकू येतं." बाई उपदेश करत नाहीत. शेवटचा चहा कधी? घरी किती वाजता पोचता? खोलीत उजेड किती? शेवटी तीन गोष्टी ठरतात. पहाटे तीननंतर चहा नाही. खिडकीला जुनी चादर. झोप आली नाही तर तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. यात खर्च काही नाही. हाच माणूस ओपीडीच्या रांगेत उभा राहिला असता तर एक खाडा, म्हणजे सातशे रुपये. शिवाय कुठं गेला होतास, याचं उत्तर सुपरवायझरला द्यायचं.

८.१०. नोंदी लिहिणं. याचे वेगळे पैसे नाहीत.

९.३०. पुढचा माणूस येत नाही. पंधरा मिनिटं वाट. १५० रुपये.

११.००. ॲपवर भरलेल्या प्रश्नावल्या. नैराश्य तपासणारे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या वर गेलेली नावं बाई आधी बघतात. बाकीच्यांसाठी ऑडिओ आणि श्वासाचे व्यायाम आहेत. नुसत्या ॲपवर सोडलेली माणसं काही दिवसांत गळतात. मधूनमधून कुणी विचारपूस केली तर टिकतात. अभ्यासांतही हेच दिसलंय, बाईंना ते रोज दिसतं.

११.२०. एकाचं नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नाही. तो प्रश्न मरणाच्या विचारांचा. बाई लगेच फोन लावतात आणि सरळ विचारतात, "जीव द्यावासा वाटतो का?" आडून विचारलं की उत्तरही आडून येतं. मग बराच वेळ त्या फक्त ऐकतात. त्याला विचारून मोठ्या भावाला फोनवर घेतात. संध्याकाळची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरते. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर दोघांना लिहून घ्यायला लावतात. सरकारी सेवा, २०२२पासूनची, दिवसरात्र, फुकट. फोन ठेवतात तेव्हा दीड तास झालेला. मोबदला ४०० रुपये. डबा दोन वाजता उघडतो.

३.३०. कारखान्याच्या एचआर साहेबांबरोबर ऑनलाइन बैठक. ॲपचा मॅनेजरही आहे. कामगार १,२००. माणशी वर्षाला ६००. एकूण ७,२०,००० रुपये. प्रत्यक्ष बोलले ४१. साहेब भागाकार करतात. "माणशी साडेसतरा हजार झाले की हो. कोण आहेत हे ४१?" नावं मिळत नाहीत. करारातच तसं आहे, आणि म्हणूनच हे ४१ बोलले. सकाळच्या फोनबद्दल बाई अवाक्षर काढत नाहीत. त्या एवढंच विचारतात, "एक ऑपरेटर सोडून गेला तर नवा हाताशी यायला किती दिवस लागतात?" साहेब म्हणतात, तीन महिने. तो आकडा भागाकारात कुठेच नव्हता. मला वाटतं, खरा हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा. साहेब तिकडे जात नाहीत. "बोलणं काढून नुसतं ॲप ठेवलं तर?"

"ॲप प्रश्न विचारतं, साहेब. उत्तर आलं की फोन करायला माणूस लागतो."

६.३०. भोसरीच्या क्वालिटी विभागातली मुलगी. खोलीत सासूबाई आहेत, म्हणून सगळं लिहूनच. पन्नास मिनिटं दोघींची बोटं चालतात. बाईंचं मनगट दुखतं, त्या ते मधेमधे दाबतात.

७.४०. भावाचा मेसेज. दवाखान्यात पोचले, नंबर चौथा आहे.

७.५०. मॅनेजरचा मेसेज. साहेबांनी दोन दर मागवलेत, माणसासह आणि माणसाशिवाय. बाई विचारतात, सकाळच्या जादा चाळीस मिनिटांचं बिल लावू का? उत्तर येतं, "या महिन्यात बघू." आजची कमाई १,३५०. उद्या गुरुवार, भोसरीला सुट्टी. सकाळी आठपासून सहा जणांनी वेळ घेतलीय.