खाऱ्या पाण्यातला ‘आसरा’ पुन्हा उभा करताना

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय बघायला आलेला पाहुणा मासे बघतो. पाळणाऱ्याचं निम्मं लक्ष मात्र टाकीखालच्या कपाटात असतं. तिथल्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणाऱ्या टाकीत, एक कप्पा वेगळा राखलेला असतो. त्याचं नाव रेफ्युजियम, मूळ लॅटिन अर्थ आसरा. मासे तिथे पोचत नाहीत. त्यामुळे कोपेपॉडसारखे ठिपक्याएवढे जीव निर्धास्त वाढतात आणि पाण्याबरोबर वर जाऊन माशांचं खाणं होतात. याच कप्प्यात मुद्दाम शेवाळ वाढवतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून साचणारं नायट्रेट आणि फॉस्फेट ते शोषून घेतं. वाढलेलं शेवाळ मूठभर काढून टाकलं, की तेवढी घाण टाकीबाहेर गेली. हिशेब सरळ आहे.

तो बिघडतो तेव्हा आसऱ्याला नको ते पाहुणे येतात. केसाळ शेवाळ चांगल्या शेवाळाला गुंडाळून टाकतं. व्हॅलोनियाचे हिरवे चकचकीत मणी दगडांवर उगवतात. त्यातला एकेक मणी म्हणजे एकच प्रचंड पेशी. लालसर चिकट साय धरली तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू आहेत. सगळ्यांत चिवट एप्टेशिया हे छोटं तपकिरी समुद्रफूल. त्याला खरवडून काढायला जावं, तर मागे राहिलेल्या तुकड्यांतून नवी समुद्रफुलं उगवतात. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियावर जगते, पण अन्न संपलं की तीही उपाशी मरते.

प्रकरण या थराला गेलं, की कप्पा रिकामा करून नव्याने सुरुवात करणंच शहाणपणाचं. इथे विषय छंदाचा राहत नाही, घरातल्या माणसांच्या आरोग्याचा होतो. कीड मारायला दगड उकळत्या पाण्यात टाकावेत, हे सहज सुचतं. ते कधीही करू नये. दगडावर झोअँथिड जातीचे बटणासारखे जीव असतील, तर त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. १९७१ मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. दगड उकळल्याने किंवा जोरात घासल्याने ते वाफेतून, तुषारांतून श्वासात जातं. खोकला, धाप, ताप, तोंडाला कडवट चव अशी लक्षणं दिसतात. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानांत आणि घरांत अशा विषबाधेच्या घटना नोंदल्या गेल्या. दगडावर असे जीव दिसत असतील, तर तो कोरडा घासू नये, गरम पाण्याचा फवाराही मारू नये. हात लावण्याआधी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

असे जीव नसलेले दगड ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवून, भरपूर धुऊन, क्लोरीन घालवणारं औषध वापरून उन्हात वाळवावेत. पंपावरचा चुन्याचा थर घालवायला व्हिनेगर चालतं, पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र झाले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही कामं वेगळ्या दिवशी करावीत.

वाळवलेला दगड लगेच परत ठेवायची घाई नको. त्याच्या छिद्रांत मेलेले जीव अडकलेले असतात, ते कुजून अमोनिया होतो. बादलीत खारं पाणी, छोटा पंप आणि हीटर लावून दगड काही आठवडे तसाच ठेवावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की समजावं, जिवाणूंची वस्ती पुन्हा बसली.

मूळ रोग बरेचदा पाण्यात असतो. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट आणि सिलिकेट येत राहिलं, तर साफसफाई वाया जाते. आरओ-डीआय पाण्यातच मीठ मिसळावं, क्षारता हजारी ३५ च्या आसपास. शेवाळ कीटोमॉर्फाच निवडावं. गुंतवळासारखं दिसणारं हे शेवाळ दगडाला मुळं धरत नाही, त्यामुळे काढायला सोपं. नवी जुडी आधी वेगळ्या भांड्यात ठेवून न्याहाळावी, कारण एप्टेशिया अशा जुडीतूनही येऊ शकतो. कप्प्यातला दिवा रात्री लावावा. वरची टाकी अंधारात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून सामू घसरतो, त्याला खालचं शेवाळ आवर घालतं.

काही उत्साही मंडळी नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेतात. मग शेवाळ उपाशी मरतं, आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुडेदार चिकटा पसरतो. तो हटवणं केसाळ शेवाळापेक्षा अवघड. दोन्ही थोडे शिल्लक असावेत.

उपटलेलं शेवाळ कुठे टाकायचं, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयातलं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात सापडलं, तेव्हा त्याचा पट्टा जेमतेम एक चौरस मीटरचा होता. पुढे त्याने भूमध्य समुद्रात मैलोनमैल तळ व्यापला. शेवाळ उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्यावं. गटारात किंवा खाडीत नको. उलट दिशेचा मोहही टाळावा. मालवणच्या समुद्रातून एखादा ‘जिवंत दगड’ आणावा असं वाटतं खरं, पण दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.

हाताला जखम असेल, तर टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो सापडला. शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा त्याला बोटं आणि हातांची थंड त्वचा मानवते. संसर्ग झाल्यावर काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ येते, साध्या मलमाने ती जात नाही, आणि महिनोन् महिने प्रतिजैविकं घ्यावी लागू शकतात. अशी गाठ घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरात मत्स्यालय आहे हे आधी सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.